प्रेशर ट्रीटेड लाकडाला मुंबईच्या हवेत रंग कसा लावायचा

माहीमला आमची इमारत तीन मजल्यांची, आणि समुद्र चालत दहा मिनिटांवर. २०२२ च्या मे महिन्यात आम्ही गच्चीसाठी दोन बाक करून घेतले. इमारतीतली ज्येष्ठ मंडळी संध्याकाळी तिथे बसतात, म्हणून लाकूड टिकाऊ हवं होतं. सागवान परवडत नव्हतं, तेव्हा प्रेशर ट्रीटेड पाइन घेतलं. फळ्या आल्या तेव्हा जड होत्या आणि हाताला गार लागत होत्या. आम्हाला वाटलं, लाकूड चांगलं भरीव आहे. आठवड्याभरात बाक उभे राहिले आणि त्यावर चकचकीत पारदर्शक पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात चढले. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. गणपतीपर्यंत बसायच्या फळ्यांवरचे पापुद्रे निघू लागले. पापुद्र्याखाली पाणी साचून लाकूड काळं पडलं होतं आणि स्क्रूभोवती गंजाचे ओघळ आले होते.

लाकडात काही दोष नव्हता, ते आजही ठणठणीत आहे. चुकला होता क्रम, मोसम आणि वर लावायची वस्तू. त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही बाक उघडले, नव्या कुंड्यांसाठी आणखी लाकूड आणलं आणि सगळं काम पुन्हा केलं. त्याला आता तीन पावसाळे झाले. तुम्ही बाल्कनीत, गच्चीवर किंवा तळमजल्याच्या अंगणात असं काही करणार असाल, तर फळीला ब्रश लावायच्या आधी हे सगळं वाचून घ्या.

१. ट्रीटमेंट कशापासून वाचवते आणि कशापासून नाही

प्रेशर ट्रीटमेंटमध्ये लाकूड बंद लोखंडी टाकीत ठेवतात, आधी त्यातली हवा ओढून घेतात आणि मग औषधाचं पाणी दाबाने आत भरतात. हे औषध वाळवी, भुंगे आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीसाठी असतं. पाऊस आणि ऊन त्याने अडत नाही. ट्रीटेड फळी उघड्यावर पडली तर कुजणार नाही, पण पाणी पिऊन फुगेल, उन्हात आकसेल, तडकेल, वाकेल आणि वर्षभरात राखाडी होईल. रंग किंवा स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) लावायचा तो हे थांबवण्यासाठी. ‘ट्रीटेड आहे ना, मग काही लावायची गरज नाही’ असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. ते वाळवीपुरतं खरं आहे, पावसापुरतं नाही.

औषधांचे मुख्य प्रकार तीन. पहिला सीसीए, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. हे मिश्रण आपल्याच देशात तयार झालं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन यांनी १९३३ मध्ये ते शोधलं आणि ‘अस्कू’ या नावाने ते जगभर गेलं. लाकूड टिकवण्यात ते फार प्रभावी आहे, पण त्यात आर्सेनिक आहे. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती बांधकामाच्या लाकडासाठी त्याचा वापर बंद झाला. दुसऱ्या प्रकारात एसीक्यू आणि कॉपर अझोल येतात. यात तांबं असतं, आर्सेनिक नसतं. तिसरा बोरॉनचा, म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचा. तो घरातल्या कामासाठी चांगला आहे, पण उघड्यावर पावसाच्या पाण्याबरोबर लाकडातून धुऊन जातो. गच्चीसाठी बोरॉनचं लाकूड घेऊ नका.

२. खरेदी करताना काय विचारायचं

रे रोड, भायखळा या भागांत लाकडाच्या वखारी आहेत आणि बरंचसं आयात पाइन तिथूनच मिळतं. भाव घनफुटावर किंवा रनिंग फुटावर सांगतात आणि जाडी इंच-सुतात मोजतात (एका इंचाचे आठ सूत). एवढं माहीत असलं की बोलणं सोपं होतं.

दुकानदाराला सरळ तीन प्रश्न विचारा. औषध कोणतं? ट्रीटमेंट कुठे झाली, त्याचा कागद आहे का? ट्रीटमेंटनंतर लाकूड भट्टीत वाळवलंय का? भारतात लाकूड संरक्षणाची मानक संहिता आयएस ४०१ आहे. कागदावर तिचा उल्लेख आणि औषधाचं नाव असेल तर उत्तम. बिलावरही औषधाचं नाव लिहून घ्या. पाच वर्षांनी फळी बदलायची वेळ आली तर हेच बिल कामाला येतं.

इथे तीन गोष्टींत गल्लत होते.

‘सीझन्ड’ म्हणजे वाळवलेलं लाकूड, ते ट्रीटेड असेलच असं नाही.

पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर, ‘एचटी’ असा छाप असतो. त्याचा अर्थ किडे मरावेत म्हणून लाकडाला उष्णता दिली, इतकाच. आत औषध काहीही नसतं, त्यामुळे पावसात ते पॅलेट साध्या लाकडासारखंच कुजतं. जुन्या पॅलेटचं लाकूड ‘एक्स्पोर्टचं ट्रीटेड’ म्हणून विकलं जातं, तिथे सावध राहा.

तिसरी गल्लत औषधात नुसत्या बुडवून काढलेल्या लाकडाची. वरून ते प्रेशर ट्रीटेडसारखंच हिरवट दिसतं. ओळखायचं कसं, तर एक फळी टोकापासून फूटभर आत कापायला सांगा आणि कापलेलं तोंड बघा. प्रेशरच्या लाकडात हिरवट किंवा तपकिरी छटा बाहेरून खोलवर आत गेलेली असते, फक्त मधला गाभा फिका राहू शकतो. बुडवलेल्या लाकडात कडेला रेघेएवढाच रंग दिसतो.

कापलेला तो फूटभर तुकडा घरी घेऊन या आणि जपून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला तो लागणार आहे.

कुंड्यांत मेथी, मिरची, कढीपत्ता लावणार असाल किंवा बाकावर लहान मुलं खेळणार असतील, तर सीसीएचं लाकूड नकोच. जेवणाच्या टेबलाचा माथा तर कोणत्याच ट्रीटेड लाकडाचा करू नका.

३. वाळवणं: सगळ्यात लांब आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी

आमचे बाक बिघडले ते इथेच. ट्रीटमेंटमध्ये लाकडात औषधाबरोबर भरपूर पाणी जातं. भट्टीत पुन्हा वाळवलं नसेल तर ते पाणी फळीतच असतं. वरून रंगाचा थर दिला की आतल्या ओलाव्याला वाट उरत नाही. ऊन पडलं की तो बाहेर यायला बघतो आणि रंगाला आतून ढकलतो. रंगाचे पापुद्रे निघाल्यावर दोष रंगाला दिला जातो, पण खरं कारण फळीतलं पाणी असतं.

वाळवायची पद्धत अशी. फळ्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवा. खाली विटा, त्यावर आडव्या रिपा, रिपांवर फळ्या, आणि प्रत्येक थरानंतर पुन्हा रिपा. रिपा एकाखाली एक, सरळ रेषेत याव्यात, नाहीतर फळ्या लाटेसारख्या वाकतात. सगळ्यात वर पत्रा किंवा प्लायचा तुकडा ठेवून त्यावर वजन ठेवा. ताडपत्रीने चारही बाजूंनी गुंडाळू नका, तसं केलं की आत बुरशी धरते. थेट उन्हात तर नकोच. वरचा पदर पटकन आकसतो, आतला ओला राहतो आणि फळी तडकते.

किती दिवस? दुकानात ‘पंधरा दिवस’ हे उत्तर ठरलेलं असतं. दिवस मोजण्यापेक्षा लाकडालाच विचारा. मी वापरलेली पद्धत स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची आहे. जपून ठेवलेल्या तुकड्याची दोन्ही कापलेली तोंडं मेणबत्तीच्या वितळलेल्या मेणाने बंद करा. तसं न केल्यास तो तोंडांतून भराभर वाळतो आणि फळ्यांची खरी अवस्था कळत नाही. मग तुकडा फळ्यांच्या मध्ये ठेवा आणि दर रविवारी त्याचं वजन लिहून ठेवा. आमचा तुकडा फूटभर लांब, चार इंच रुंद, दीड इंच जाड होता. पहिल्या दिवशी तो ९२० ग्रॅम भरला. दर आठवड्याला वजन उतरत गेलं, शेवटी ६८० च्या आसपास थांबलं आणि लागोपाठ दोन रविवार तेवढंच राहिलं. तेव्हा समजलं की लाकडाने इथल्या हवेशी जमवून घेतलं आहे. दिवाळीनंतर आणलेल्या लाकडाला यात सात आठवडे गेले.

खात्रीसाठी पाण्याचा थेंबही टाकून बघा. फळीवर चमचाभर पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे तसेच राहिले तर लाकूड अजून तयार नाही. दहा मिनिटांत मुरले तर स्टेन घ्यायला ते तयार आहे. दोन पिनांचं ओलावा मोजायचं यंत्र ऑनलाइन मिळतं आणि १५ टक्क्यांच्या खाली आकडा आला की काम करावं हा चांगला नियम आहे. फक्त एक लक्षात ठेवा, तांब्याच्या क्षारांमुळे ट्रीटेड लाकडात हे यंत्र थोडा जास्त आकडा दाखवू शकतं. माझा विश्वास वजनावर जास्त.

४. कोणता महिना, कोणती वेळ

लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे पाणी घेतं आणि सोडतं. हवेत आर्द्रता ८५ टक्के असेल तर लाकूड १७ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं, त्याखाली उतरत नाही. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत फळी कितीही दिवस ठेवली तरी १५ च्या खाली यायची नाही. पावसाळ्यातली चार दिवसांची उघडीप बघून काम काढू नका.

योग्य काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. मार्च-एप्रिलही चालतो, पण ऊन कडक असतं आणि स्टेन मुरायच्या आधीच वर सुकतो. मे महिन्यात घाईने उरकलेल्या कामाला पुरतं मुरायला वेळ न मिळताच पाऊस गाठतो.

दिवसातली वेळ सकाळी साडेनऊ-दहानंतरची, म्हणजे रात्रीचा दमटपणा उडून गेल्यावर. पृष्ठभाग सावलीत हवा. दुपारी तीननंतर नवा हात सुरू करू नका, तो रात्रीच्या दमट हवेत सापडतो.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक करायचं. माहीम, वरळी, वर्सोवा, जुहू अशा ठिकाणी आठवडाभर उघड्यावर ठेवलेल्या फळीवरही खारट थर बसतो. तो हवेतलं पाणी ओढून धरतो आणि वरचा रंग नीट धरू देत नाही. म्हणून काम करायच्या दोन दिवस आधी फळ्या गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून पुन्हा वाळू द्या. शेजारी इमारत पाडायचं काम चालू असेल तर ते थांबेपर्यंत वाट बघा, किंवा लवकर सुकणारा पाण्यातला स्टेन निवडा. ती बारीक धूळ ओल्या हातावर बसली की निघत नाही.

५. रंग, स्टेन, तेल की पॉलिश

इथे माझं मत स्पष्ट आहे. बसायची फळी, पायाखालची फळी, टेबलाचा माथा, थोडक्यात पाऊस ज्यावर सरळ पडून थांबतो अशा प्रत्येक आडव्या पृष्ठभागाला लाकडात मुरणारा स्टेनच लावा. वर काचेसारखा थर धरणारं काहीही नको.

कारण साधं आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. वरचा थर कितीही चांगला असला तरी कधीतरी बारीक चिरतो. त्या चिरेतून पाणी आत जातं आणि थराखाली अडकतं. मुरलेल्या स्टेनला सुटायला पापुद्राच नसतो. तो झिजतो आणि फिका पडतो. मग धुऊन, वाळवून वरून एक हात दिला की काम झालं. थर धरणाऱ्या पॉलिशचं तसं नाही, ते पुन्हा करायचं तर आधीचं सगळं खरवडावं लागतं.

स्टेन ‘एक्स्टीरियर’ लिहिलेला, लाकडात मुरणारा आणि रंगद्रव्य असलेला घ्या. पूर्ण पारदर्शक घेऊ नका, कारण उन्हापासून लाकडाला वाचवतं ते मुख्यतः रंगद्रव्यच. छटा निवडताना लाकडाचा मूळ हिरवटपणा धरून चाला. मधासारख्या पिवळसर छटा हिरव्यावर मळकट दिसतात. अक्रोड, सागवानी, महोगनीच्या लालसर तपकिरी छटा हिरवटपणा चांगला झाकतात. आधी जपलेल्या तुकड्याच्या एका भागावर लावा आणि दोन दिवसांनी दिवसाउजेडी बघा. दुकानातल्या कार्डावरची छटा पांढऱ्या लाकडावर काढलेली असते.

गडद निळा, पांढरा असा पूर्ण झाकणारा रंगच हवा असेल तर तो उभ्या भागांना चालतो: कुंडीच्या बाजू, जाळी, कुंपण. तिथे पाणी थांबत नाही. पण बाहेरच्या लाकडासाठीचा पाण्यातला ॲक्रिलिक प्रायमर आणि वर बाहेरचा ॲक्रिलिक रंग घ्या, कारण तो थोडा ताणला जातो. जुना ओळखीचा ऑइल पेंट वर्षागणिक कडक होत जातो आणि लाकडाच्या हालचालीबरोबर तडकतो. गाठींमधून पिवळा चीक वर येऊ नये म्हणून रंगाआधी गाठींवर लाखेचा एक हात द्या. लाखेचं एवढंच काम. लाखेचं स्पिरिट पॉलिश पूर्ण बाकाला लावायचा सल्ला कुणी दिला तर नम्रपणे नको म्हणा, पाणी लागलं की ते पांढरं पडतं. मेलामाइन पॉलिशही घरातल्या फर्निचरसाठीच.

अळशीच्या तेलाबद्दल बरेच जण विचारतात. कोरड्या हवेत ते छान वाटतं. मुंबईच्या दमट हवेत नुसतं अळशीचं तेल बुरशीचं खाद्य होतं आणि फळी काळी ठिपकेदार दिसते. तयार डेक ऑइल घेणार असाल तर त्यात बुरशीनाशक असल्याचं डब्यावर वाचून घ्या.

६. हाताशी काय काय हवं

कागद: लाकडाचं बिल, ट्रीटमेंटचा कागद आणि सोसायटीची लेखी परवानगी. गच्ची सामाईक असते. तिथे बाक ठेवायचा असो वा चार दिवस रंगकाम करायचं असो, सेक्रेटरींना आधी पत्र द्या. कोणत्या तारखा, वास येईल का, सामान कुठे ठेवणार, एवढं त्यात लिहा. पत्र दिलेलं असलं की वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या बंद ठेवतात आणि वाळत घातलेले कपडेही काढतात.

सामान: ८० आणि १०० नंबरचा पॉलिश पेपर, तारेचा नव्हे तर नायलॉनचा ब्रश, दोन इंची आणि तीन इंची रंगाचा ब्रश, जुनी सुती फडकी, एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा, प्लास्टिकचं कापड, झाकणाचा पत्र्याचा डबा, टोकांना लावायचं लाकूडरक्षक द्रावण, स्टेन.

तारेचा ब्रश आणि स्टील वूल टाळा. त्यांचे लोखंडी कण फळीत अडकतात आणि पहिल्या पावसात काळे डाग होऊन वर येतात.

स्टेन किती आणायचा? घासलेल्या लाकडावर एक लिटरमध्ये एका हाताला साधारण ८० ते १०० चौरस फूट होतात, खरखरीत फळी जास्त पिते. आमचा पाच फुटी बाक सगळ्या बाजूंनी मोजला तर सुमारे ५० चौरस फूट भरला. दोन बाकांना दोन हात द्यायला अडीच लिटर लागले. सगळा स्टेन एकाच बॅचचा घ्या.

७. कापणं, टोकं आणि स्क्रू

शक्यतो सगळं कापणं आणि भोकं पाडणं रंगाआधी करा. फळी कापली की औषध न पोचलेला गाभा उघडा पडतो, आणि पाणी सगळ्यात वेगाने शिरतं ते याच तोंडांतून. प्रत्येक कापलेल्या तोंडाला आणि भोकाला लाकूडरक्षक द्रावणाचे दोन-तीन हात द्या, पिईल तेवढं पिऊ द्या. मिस्त्री ही पायरी सोडून देतात, कारण ती दिसत नाही. स्वतः उभं राहून करून घ्या.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. औषधातलं तांबं साध्या लोखंडाला वेगाने गंजवतं, त्यात आपली खारी हवा. पिवळसर चमकणारे नेहमीचे स्क्रू आमच्याकडे एका पावसाळ्यात रडले. ३०४ ग्रेड शहराच्या आतल्या भागात ठीक आहे, समुद्राजवळ ३१६ घ्या. महाग आहेत, पण दोन बाकांना लागतात किती? याच कारणाने ॲल्युमिनियमचे कोन किंवा पट्ट्या तांब्याच्या ट्रीटेड लाकडाला थेट टेकू देऊ नका.

आणि गच्चीच्या लादीत बाक ठोकण्यासाठी भोक पाडू नका. वॉटरप्रूफिंग फुटतं आणि गळती खालच्या घरात उतरते. बाक आपल्या वजनावर उभा राहायला हवा.

८. घासणं आणि धुणं

वाळलेल्या फळीवर हिरवट पांढरी भुकटी दिसते, ती औषधाच्या क्षारांची. पाणी आणि सौम्य साबणाने, नायलॉनच्या ब्रशने रेषेच्या दिशेने धुवा, स्वच्छ पाणी ओता आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. गंजाचे काळे डाग असतील तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात विरघळवून डागावर लावा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. ते विषारी आहे, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि मुलं-मांजरं लांब.

घासायचं अगदी बेताने, ८० नंबरने आणि मग १०० ने. त्यापुढे जाऊ नका, फार गुळगुळीत फळी स्टेन पीत नाही. ट्रीटेड लाकडाचा भुसा फुंकून किंवा कोरड्या झाडूने उडवू नका. मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा, भुसा ओल्या फडक्याने गोळा करा. घासून झाल्यावर जेवायच्या आधी हात नीट धुवा आणि त्या दिवसाचे कपडे वेगळे धुवा.

९. स्टेन लावणं

इतकी तयारी झाली की प्रत्यक्ष लावणं एका सकाळचं काम आहे. शक्य असेल तर फळ्या जोडण्यापूर्वी सुट्या असतानाच सगळ्या सहा बाजूंना लावा. खालची बाजू कोरी राहिली की फळी तिथून पाणी पिते आणि वाकते. नुसत्या या एका कारणाने वाकलेले बाक मी इतर दोन इमारतींत पाहिले आहेत.

डबा तळापासून ढवळा, कारण रंगद्रव्य खाली बसतं, आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा ढवळा. एक फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग करा, मध्ये थांबून चहाला गेलात तर तिथे पट्टा दिसतो. टोकांना भरपूर द्या. मग डब्यावर सांगितलेला वेळ झाला, साधारण पंधरा-वीस मिनिटं, की वर उरलेला स्टेन फडक्याने पुसून घ्या. पुसलं नाही तर तो वर चिकट राहतो, धूळ धरतो आणि थर बनतो. जे टाळायला आपण स्टेन निवडला, नेमकं तेच होतं. दुसरा हात डब्यावरच्या वेळेनुसार, बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळी. तिसऱ्याचा मोह नको.

फळ्या जोडताना दोन फळ्यांत तीन-चार मिलीमीटर फट ठेवा, पाणी निघून जायला. आठवडाभर त्यावर बसू नका, कुंड्यांत माती भरू नका. माती भरण्याआधी आत जाड प्लास्टिकचं अस्तर घाला आणि तळाशी पाण्याला वाट ठेवा.

१०. फडकी आणि उरलेले तुकडे: इथे चूक परवडत नाही

तेलाच्या स्टेनची किंवा अळशीच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. तेल सुकताना उष्णता तयार करतं, बोळ्यातून ती बाहेर पडत नाही, वाढत जाते आणि काही तासांत आग लागते, काडी न लावता. जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात असं झालं तर काय, याचा विचार करा. फडकी एकेक करून उघड्यावर दोरीला वाळत घाला आणि पूर्ण कडक झाली की टाका, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. काम संपल्यावर सगळ्यात आधी हे, मग ब्रश.

ट्रीटेड लाकडाचे तुकडे जाळायचे नाहीत. सीसीएच्या लाकडाच्या राखेत आणि धुरात आर्सेनिक असतं. होळीच्या आधी मुलं इमारतीत लाकडं गोळा करत फिरतात, गच्चीवरचे तुकडे त्यांना सहज सापडतात. पाणी तापवायला कुणी मागून नेतं, कुणी भट्टीला विकतं. आम्ही सगळे तुकडे गोणीत भरून त्यावर ‘औषध मारलेलं लाकूड, जाळू नये’ असं लिहून ठेवलं, आणि वॉचमनकाकांना कारण समजावून सांगितलं. कचरा देताना तो वेगळा द्या आणि सांगून द्या. ब्रश धुऊन उरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. डब्यात गाळ खाली बसू द्या, वरचं पुन्हा वापरता येतं.

११. आधीच पापुद्रे निघाले असतील तर

वरून नवा हात मारू नका. पापुद्र्यावर लावलेला रंग पापुद्र्याबरोबरच निघतो. ऑक्टोबर संपू द्या, बाक उघडा, पेंट रिमूव्हर लावून प्लास्टिकच्या खरवडणीने थर काढा. कोरडं घासून काढायचा प्रयत्न नको, ती सगळी पूड श्वासात जाते. मग वर सांगितल्याप्रमाणे धुणं, वाळवणं, पाण्याचा थेंब, स्टेन. आमच्या दोन बाकांना खरवडायला दोघांचे तीन रविवार गेले.

१२. पुढची देखभाल

पाय हा बाकाचा पहिला बिघडणारा भाग. प्रत्येक पायाखाली रबराची किंवा नायलॉनची चकती ठोका, म्हणजे तो साचलेल्या पाण्यात उभा राहणार नाही. पावसाळा संपला की ऑक्टोबरात साबणाच्या पाण्याने एकदा धुवा, सैल स्क्रू आवळा. आडव्या फळ्यांना वर्ष-दोन वर्षांनी एक हात लागतो, उभ्या भागांना उशिरा.

कधी द्यायचा ते ठरवायला पुन्हा तो तुकडाच वापरा. काम झालं तेव्हा आम्ही त्यालाही बाकासारखेच दोन हात दिले, मागे स्टेनचं नाव, छटा आणि तारीख लिहिली, आणि गच्चीच्या कठड्याला दक्षिणेकडे तोंड करून, जिथे ऊन-पाऊस बाकापेक्षा जास्त लागतो अशा जागी तारेने बांधला. दर नोव्हेंबरात त्यावर चमचाभर पाणी टाकतो. थेंब गोल राहिले तर काही करायचं नाही. मुरू लागले की बाकांची पाळी येते. आतापर्यंत एकदाच आली, २०२४ च्या डिसेंबरात, आणि दोन्ही बाकांना मिळून पाऊण लिटर पुरला.